विश्लेषण : नव्या लॅपटॉपवर लिनक्स टाकले आणि वाय-फायच गायब? दोष बहुधा कर्नलच्या वयाचा!

दिवाळीच्या सुट्टीत मावसभावाचा व्हिडीओ कॉल आला. तो डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. नवा लॅपटॉप घेतला होता. पैसे वाचावेत म्हणून विंडोजशिवायचा, दुकानात ज्याला सरसकट ‘डॉसवाला’ म्हणतात तो. त्यावर त्याने हौसेने लिनक्स टाकले. स्क्रीन झकास, कीबोर्ड चालतो, आवाज येतो. फक्त, ‘‘ताई, वाय-फायचं चिन्हच दिसत नाही गं.’’ दुकानात गेला तर दुकानदार म्हणाला, ‘‘लिनक्स आहे ना, मग असंच होणार. पाचशे रुपये दे, विंडोज मारून देतो.’’ हे ‘मारून दिलेले’ विंडोज परवान्याचे नसते, हे सांगायला नको.

हा प्रसंग सध्या बऱ्याच घरांत घडत असणार. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा थांबवला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे अनेकजण लिनक्सकडे वळत आहेत. यातली गंमत अशी की, सात-आठ वर्षांच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स सहसा निमूट चालते. अडते ते कोऱ्या करकरीत मशीनवर. वाय-फाय सापडत नाही, टचपॅड हलत नाही, झाकण मिटून उघडले की स्क्रीन काळीच राहते. मग ‘लिनक्सला हे हार्डवेअर चालत नाही’ असा निकाल लागतो. बहुतेक वेळा तो चुकीचा असतो. लिनक्सला ते हार्डवेअर चालत असते, पण तुमच्याकडे असलेल्या लिनक्सचा गाभा त्या हार्डवेअरच्या आधी जन्मलेला असतो. आणि सगळे पुसून नव्याने काहीही न टाकता हा गाभा तेवढा बदलता येतो.

हा कर्नल कोण?

लष्करातला नव्हे. संगणकाच्या भाषेत कर्नल म्हणजे दाण्यातला गर, ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने लिहायला घेतले ते हेच. काटेकोर बोलायचे तर ‘लिनक्स’ हे नाव केवळ या गाभ्याचे आहे. उबुंटू, डेबियन, मिंट, फेडोरा ही त्या गाभ्याभोवती बांधलेली पूर्ण पॅकेजे. त्यांना डिस्ट्रिब्युशन किंवा लाडाने ‘डिस्ट्रो’ म्हणतात.

एसटीच्या दापोडी कार्यशाळेत कंपनीकडून आलेल्या चासीवर बसची बॉडी बांधली जायची, तसे हे आहे. सीट, खिडक्या, रंग डिस्ट्रोचा. इंजिन आणि चाके कर्नलची. रस्त्याशी संबंध चाकांचा येतो, तसा हार्डवेअरशी संबंध कर्नलचा येतो. ब्राउझरला इंटरनेट हवे असेल तर तो वाय-फाय चिपशी थेट बोलत नाही. तो कर्नलला सांगतो, कर्नल आपल्या ड्रायव्हरला सांगतो आणि ड्रायव्हर चिपला.

इथेच विंडोज आणि लिनक्समधला मोठा फरक आहे. विंडोजमध्ये ड्रायव्हर वेगळा मिळतो. पूर्वी सीडीवर यायचा, आता कंपनीच्या संकेतस्थळावरून किंवा अपडेटमधून येतो. लिनक्समध्ये बहुतांश ड्रायव्हर कर्नलच्याच पोटात असतात. कर्नलचा कोड आता सुमारे चार कोटी ओळींचा झाला आहे आणि त्यातला निम्म्याहून अधिक भाग ड्रायव्हरचाच आहे. म्हणून लिनक्सवर ‘ड्रायव्हर शोधतो’ म्हणत गुगलवर तासन्‌तास घालवण्यापेक्षा ‘माझ्या कर्नलचा क्रमांक काय?’ हा प्रश्न आधी विचारावा.

कालच डाउनलोड केले, तरी जुने कसे?

मूळ कर्नलची नवी आवृत्ती साधारण दर नऊ-दहा आठवड्यांनी येते आणि प्रत्येक आवृत्तीत नव्या चिपसाठीचे ड्रायव्हर भरलेले असतात. डिस्ट्रो मात्र या वेगाने धावत नाहीत. एक कर्नल निवडायचा, त्याभोवती हजारो पॅकेजे तपासायची आणि मग तोच क्रमांक पुढची काही वर्षे धरून ठेवायचा, अशी त्यांची रीत असते. सुरक्षेची ठिगळे येत राहतात, पण नवे ड्रायव्हर सहसा येत नाहीत.

एक उदाहरण पाहू. रिअलटेकची ‘आरटीएल ८८५२ बीई’ ही वाय-फाय चिप अनेक स्वस्त आणि मध्यम किमतीच्या लॅपटॉपमध्ये असते. तिचा ड्रायव्हर मूळ कर्नलमध्ये आला ६.२ या आवृत्तीत, फेब्रुवारी २०२३ मध्ये. डेबियन १२ प्रसिद्ध झाले १० जून २०२३ रोजी, म्हणजे चार महिन्यांनी. पण त्यात कर्नल होता ६.१, डिसेंबर २०२२ चा. एका घराने हुकले! आणि डेबियनची पुढची मोठी आवृत्ती, १३, आली थेट ऑगस्ट २०२५ मध्ये, ६.१२ कर्नल घेऊन. मधली दोन वर्षे ज्यांनी या चिपचा लॅपटॉप घेऊन त्यावर ‘ताजे’ डेबियन टाकले, त्यांना वाय-फाय दिसले नाही. ड्रायव्हर जगात होता, त्यांच्या डिस्कवर नव्हता.

यात डेबियनची चूक शोधण्यात अर्थ नाही. त्यांच्या ‘स्टेबल’ या शब्दाचा अर्थ ‘बंद न पडणारे’ एवढाच नाही, ‘न बदलणारे’ असाही आहे. बँकेचा सर्व्हर चालवणाऱ्याला हेच हवे असते. परवा घेतलेल्या लॅपटॉपच्या मालकाला नेमके उलटे हवे असते. एकाच डिस्ट्रोकडून दोघांनी अपेक्षा ठेवली की खटका उडतो.

कर्नल बदलण्याआधी आजार ओळखा

टर्मिनल उघडायचे. नावाला घाबरू नका. काळ्या खिडकीत दोन ओळी लिहायच्या आहेत, अर्थात इंग्रजी लिपीत. ‘यूनेम’, मग जागा सोडून डॅश आणि आर लिहिले की कर्नलचा क्रमांक दिसतो. ‘एलएसपीसीआय’, मग तसेच डॅश आणि के लिहिले की मशीनमधली बहुतेक उपकरणे आणि प्रत्येकासाठी कोणता ड्रायव्हर चालू आहे ते दिसते. वाय-फाय चिपच्या नावाखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळच नसेल, तर कर्नलला ती चिप ओळखता आलेली नसण्याची शक्यता मोठी. चिपचे ते नाव आणि ‘लिनक्स कर्नल’ असे शोधले की कोणत्या आवृत्तीपासून ती चालते याचे उत्तर बहुधा पहिल्या पानावर मिळते.

ड्रायव्हरची ओळ आहे आणि तरीही वाय-फाय नाही, असे असेल तर आणखी एक संशयित उरतो : फर्मवेअर. अनेक चिपना चालू होताना स्वतःचा एक छोटा प्रोग्राम भरवावा लागतो. तो कंपनीचा बंद कोड असतो आणि कर्नलमध्ये नसतो. वेगळ्या पॅकेजमधून येतो. कर्नल नवा आणि फर्मवेअर जुने, अशी जोडी जमली की ड्रायव्हर हाक मारतो आणि चिप ओ देत नाही. ‘डीमेसेज’ म्हणून ओळखला जाणारा कर्नलचा रोजनामा, म्हणजे ‘डीएमईएसजी’ ही आज्ञा, पाहिला तर त्यात फर्मवेअर भरता आले नसल्याची तक्रार स्पष्ट शब्दांत सापडते. डेबियनने तर असे बंद फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घ्यावे की नाही यावर २०२२ मध्ये सदस्यांचे मतदान घेतले. कौल ‘घ्यावे’ असा लागला आणि डेबियन १२ पासून ते आपोआप येऊ लागले. त्याआधी नवख्यांचे जे हाल झाले, त्याची आठवण माझ्या इंजिनीअरिंगच्या बॅचला चांगली आहे. आमच्या हॉस्टेलवर तेव्हा एकच इथरनेट केबल सगळ्या मजल्यावर फिरायची.

आणि काही गोष्टींचा कर्नलशी फारसा संबंधच नसतो. फिंगरप्रिंट सेन्सरचा ड्रायव्हर सहसा कर्नलबाहेरच्या ‘लिबएफप्रिंट’ नावाच्या लायब्ररीत असतो. प्रिंटरचा कारभार ‘कप्स’ पाहते. त्यासाठी कर्नल बदलणे म्हणजे डोळे दुखतात म्हणून दात काढणे.

बदलायचा कसा?

नियम एकच लक्षात ठेवला तरी पुरे : तुमच्या डिस्ट्रोनेच दिलेला नवा कर्नल घ्या. यूट्यूबवरच्या कुणी सांगितलेला नको.

उबुंटूच्या दीर्घ पाठिंब्याच्या आवृत्तींसाठी ‘हार्डवेअर एनेबलमेंट’ अर्थात एचडब्ल्यूई नावाची सोय आहे. आवृत्ती तीच, सगळे प्रोग्राम तेच, कर्नल तेवढा दर काही महिन्यांनी पुढचा. उबुंटू २४.०४ एप्रिल २०२४ मध्ये ६.८ कर्नलसह आले. फेब्रुवारी २०२५ च्या सुधारित आवृत्तीत तो ६.११ झाला आणि ऑगस्टमध्ये ६.१४. डेस्कटॉपवर हे सहसा आपोआप होते, फक्त अपडेट टाळत राहिलेल्यांचे अडते. मिंट वापरत असाल तर अपडेट मॅनेजरच्या ‘व्ह्यू’ मेन्यूत ‘लिनक्स कर्नल्स’ हा पर्याय आहे. तिथे आवृत्ती निवडून बटण दाबायचे. टर्मिनलचीही गरज नाही. डेबियनमध्ये ‘बॅकपोर्ट्स’ नावाचे भांडार जोडावे लागते आणि कर्नल तिथून मागवावा लागतो. फर्मवेअरचे पॅकेजही त्याच भांडारातून घ्या, हे अनेकजण विसरतात. फेडोराचा स्वभाव वेगळा. ते एकाच आवृत्तीत नवे कर्नल देत राहते. अगदी नवा लॅपटॉप असेल आणि ही कसरत नको असेल तर सुरुवातच तिथून करणे मला जास्त शहाणपणाचे वाटते.

आता कोंबडी आधी की अंडे? कर्नल उतरवायला इंटरनेट हवे आणि इंटरनेटसाठी कर्नल हवा. उत्तर तुमच्या हातात आहे, अक्षरशः. फोन चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडा आणि सेटिंग्जमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. लॅपटॉपला फोन हे साधे वायर्ड नेटवर्क वाटते आणि त्यासाठीचे ड्रायव्हर जुन्या कर्नलमध्येही असतात. केबल मात्र डेटा वाहणारी हवी. रस्त्यावरच्या चाळीस रुपयांच्या काही केबल फक्त चार्ज करतात.

बिघडले तर?

नवा कर्नल बसला म्हणून जुना लगेच पुसला जात नाही. दोन्ही शेजारी शेजारी राहतात. मशीन चालू होताना एस्केप किंवा शिफ्ट दाबून बूट मेन्यू आणायचा, ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जायचे आणि जुना क्रमांक निवडायचा. परतीचे तिकीट खिशात असते, म्हणूनच हा उपाय मला दुकानदाराच्या पाचशे रुपयांपेक्षा सुरक्षित वाटतो. नवा कर्नल आठवडाभर नीट चालेपर्यंत जुन्याला हात लावू नये.

तरीही धोका शून्य नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये ५.१९.१२ या कर्नलमुळे इंटेल ग्राफिक्सच्या काही लॅपटॉपच्या स्क्रीन पांढऱ्या लखलखू लागल्या. पॅनेलला वीज देण्याच्या वेळांची गणिते चुकत होती आणि त्याने पॅनेल कायमचे खराब होऊ शकते, असा इशारा इंटेलच्याच अभियंत्याने दिला. दुरुस्तीसाठी ५.१९.१३ तातडीने आला. म्हणजे सगळ्यात नवा कर्नल पहिल्याच दिवशी घेण्यात शौर्य नाही. पण ‘जुनेच बरे’ म्हणणाऱ्यांसाठीही एक गोष्ट आहे. डिसेंबर २०२३ मध्ये डेबियन १२.३ येणार होते. ऐन वेळी त्यातल्या ६.१.६४ कर्नलमध्ये ‘ईएक्सटी४’ या फाइल सिस्टीममधला डेटा बिघडवू शकणारी चूक सापडली. प्रकाशन थांबवून दुसऱ्याच दिवशी १२.४ आणावे लागले. हा कर्नल जुन्या, ‘स्थिर’ मालिकेतलाच होता. बॅकअपला पर्याय नाही तो नाहीच.

आणखी दोन ठिकाणी पाय घसरतो. पहिले, सिक्युअर बूट. डिस्ट्रोच्या कर्नलवर डिजिटल सही असते, त्यामुळे मशीन त्याला आत घेते. उबुंटूचे ‘मेनलाइन’ नावाचे चाचणीचे कर्नल बिनसहीचे असतात. सिक्युअर बूट चालू असेल तर ते दारातच अडतात, आणि त्यांना सुरक्षेची ठिगळेही मिळत नाहीत. दुसरे, एनव्हिडियासारखे कर्नलबाहेरचे ड्रायव्हर. कर्नलची आतली रचना प्रत्येक आवृत्तीत बदलू शकते, तशी मुभा विकासकांनी मुद्दाम ठेवली आहे. त्यामुळे बाहेरचा ड्रायव्हर दरवेळी नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधावा लागतो. बांधणी फसली तर सुरू होताना काळी स्क्रीन. एनव्हिडियाने मे २०२२ मध्ये नव्या कार्डांसाठी आपली कर्नल मॉड्यूल खुली केली, पण जुन्या कार्डांचे बंद ड्रायव्हर नव्या कर्नलवर बांधलेच जात नाहीत असेही होते. दहा वर्षांचा लॅपटॉप असेल आणि सगळे चालू असेल, तर कर्नलच्या वाटेला जाऊ नका.

फोनचा कर्नल का बदलत नाही?

हा लेख तुम्ही अँड्रॉइड फोनवर वाचत असाल तर तुम्ही आत्ताही लिनक्स कर्नलच वापरत आहात. सेटिंग्जमधल्या ‘अबाउट फोन’मध्ये त्याचा क्रमांक लिहिलेला असतो, बघा, तो बहुधा तुमच्या फोनच्या वयाइतकाच जुना निघेल. लॅपटॉपवर जे अर्ध्या तासात होते ते फोनवर होत नाही, कारण फोनच्या चिपचे अनेक ड्रायव्हर मूळ कर्नलमध्ये कधी पोहोचतच नाहीत. चिप कंपनी एका आवृत्तीची प्रत घेते, त्यात आपले तुकडे जोडते आणि फोन कंपनी त्यावर आपले. मग तो फोन त्या आवृत्तीला जन्मभर चिकटतो. गुगलने अँड्रॉइड १२ पासून समान गाभा ठेवून कंपन्यांचे तुकडे बाजूला काढण्याची व्यवस्था आणली आहे. दिशा बरोबर आहे. पण चांगला चालणारा फोन पाठिंबा संपला म्हणून बाद होतो, त्याच्या कारणांपैकी हे एक मोठे कारण अजून तसेच आहे.

भार ग्राहकानेच का उचलायचा?

इथे माझे मत स्पष्ट सांगते. कर्नल बदलणे सोपे असले तरी ते ग्राहकावर येऊ नये. काही चिप कंपन्या नवे हार्डवेअर बाजारात येण्याच्या काही महिने आधीच ड्रायव्हर मूळ कर्नलमध्ये पाठवतात. इंटेल हे बऱ्याचदा करते. काही कंपन्या चिप विकून मोकळ्या होतात आणि ड्रायव्हर नंतर, कधी कधी कुणा स्वयंसेवकाच्या रात्रींवर, तयार होतो. लॅपटॉपच्या खोक्यावर मात्र चिपचे नावही नसते. ‘वाय-फाय ६’ एवढेच छापलेले. एकाच मॉडेलच्या दोन लॅपटॉपमध्ये वेगवेगळ्या चिप निघाल्याचेही पाहिले आहे. विंडोजशिवाय विकला जाणारा लॅपटॉप कोणत्या कर्नलपासून पूर्ण चालतो, ही एक ओळ खोक्यावर छापायला किती शाई लागेल?

कंपन्या स्वतःहून ऐकणार नाहीत, पण सरकार हा मोठा ग्राहक आहे. सी-डॅकचे ‘बॉस’ हे डेबियनवर आधारलेले आहे. संरक्षण मंत्रालयाने २०२३ मध्ये ‘माया’ स्वीकारायला घेतले, ते उबुंटूवर. केरळच्या सरकारी शाळा अनेक वर्षे लिनक्सवर चालतात. अशी प्रत्येक व्यवस्था डिस्ट्रोच्या जुन्या कर्नलचा वारसाही सोबत घेते आणि नव्या खरेदीचा लॅपटॉप तिथे अडू शकतो. निविदेत रॅम आणि डिस्कचे आकडे बारकाईने लिहिले जातात. पुरवठ्याच्या दिवशी प्रत्येक उपकरण मूळ कर्नलमधल्या ड्रायव्हरवर चालले पाहिजे, अशी अटही त्यात घालता येईल. खासगी ग्राहक एकेकटा जे करू शकत नाही, ते दहा हजार लॅपटॉपची एक निविदा करू शकते.

मावसभावाच्या लॅपटॉपचे काय झाले? फोन केबलने जोडला, डिस्ट्रोच्याच भांडारातून नवा कर्नल आणि फर्मवेअर उतरवले, मशीन पुन्हा चालू केले. सगळे मिळून अर्धा तास, त्यातली दहा मिनिटे चालणारी केबल शोधण्यात. वाय-फायच्या यादीत शेजारच्या काकांच्या राउटरचे नाव दिसले तेव्हा तो खुर्चीवरून उठलाच. फिंगरप्रिंट सेन्सर अजून चालत नाही. ‘‘ताई, त्यासाठी कुठला कर्नल टाकू?’’ असे त्याने परवा विचारले. म्हटले, त्यासाठी कर्नल नको, तूर्त पासवर्डच टाक.